हरणाऱ्यांची शाळा

जपानमधील जुन्या व्हिडिओ खेळांचा सध्या जगभर उदोउदो चालू आहे. टोकियोच्या अकिहाबारा भागात आणि ओसाकाच्या निप्पोनबाशीत पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची खेळयंत्रे व त्यांच्या कॅसेटी विकणारी दुकाने गजबजलेली असतात. एखाद्या दुर्मिळ कॅसेटीसाठी परदेशी शौकीन वाटेल ती किंमत मोजतो. याच दुकानांत कुठेतरी कोपऱ्यात सर्वांत स्वस्त मालाची पेटी ठेवलेली असते, आणि तीत हटकून सापडतात त्या पाचिंकोच्या कॅसेटी. पाचिंको हा जपानचा पोलादी गोळ्यांचा जुगार. त्याची घरच्या टीव्हीवर खेळायची ही आवृत्ती. आता या पेटीलाही कैवारी भेटू लागले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, या कॅसेटींत कुणाचा एक येनही बुडाला नाही. गोळी उडते, खिळ्यांवर ठेचकाळत खाली येते, दिवे लागतात, आकडे फिरतात आणि खेळ संपतो. तेव्हा हा जुगार नव्हेच, जुगारातील विष काढून उरलेली निर्मळ करमणूक होय.

या युक्तिवादात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलेली आहे. जी वस्तू कोणी पैशांशिवाय खेळत बसत नाही, ती पैशांशिवाय खेळण्यासाठी नऊ-दहा हजार येन मोजून माणसे का घेत होती? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की निर्मळ करमणुकीचा मुलामा उडून जातो.

त्यासाठी आधी दालनात काय चालते ते पाहिले पाहिजे. उभ्या फळीवर शेकडो पितळी खिळे ठोकलेले असतात. ११ मिलिमीटर व्यासाची गोळी वर फेकली जाते आणि खिळ्यांतून वाट काढीत खाली येते. ठरावीक भोकात पडली तर आणखी गोळ्या मिळतात, एरवी ती तळाशी गडप होते. दुसऱ्या महायुद्धानंतर नागोया शहरात या खेळाने आजचे रूप घेतले. १९८० साली सांक्यो कंपनीने ‘फीवर’ नावाचे यंत्र बाजारात आणले आणि खेळाचा आत्माच बदलला. गोळी भोकात पडणे हे त्यानंतर केवळ निमित्त झाले. ती पडली की मधल्या पडद्यावर तीन आकडे फिरू लागतात, आणि तिन्ही जुळले तर गोळ्यांचा पाऊस पडतो. ते जुळायचे की नाही, हे आतील विद्युतपट्टी त्याच क्षणी ठरवून मोकळी झालेली असते. पुढचा सगळा थरार म्हणजे लागलेला निकाल उशिरा वाचून दाखवण्याचा समारंभ.

गोळ्या विकत मिळत नाहीत, भाड्याने मिळतात. एका गोळीचे भाडे जास्तीत जास्त ४ येन आणि मिनिटाला जास्तीत जास्त १०० गोळ्या, ही नियमाने घातलेली मर्यादा आहे. म्हणजे काहीच परत आले नाही, तर दर मिनिटाला ४०० येन. जपानच्या दंडसंहितेत जुगार हा गुन्हा आहे, म्हणून दालन जिंकलेल्या गोळ्यांचे पैसे देत नाही. ते ‘विशेष बक्षीस’ देते. टोकियोत हे बक्षीस म्हणजे प्लास्टिकच्या डबीतील सोन्याचा बारीक तुकडा. ती डबी घेऊन खेळणारा बाहेर पडतो आणि जवळच्याच एका अरुंद खिडकीशी जातो. आतला हात डबी घेतो व नोटा सरकवतो. खिडकीवाला डबी घाऊक व्यापाऱ्याला विकतो आणि घाऊक व्यापारी ती पुन्हा दालनाला विकतो. तीन दुकाने, तीन मालक, म्हणून जुगार नाही. खिडकी शोधायला लहान मुलालाही अडचण पडणार नाही. पोलिसांना मात्र ती साठ वर्षे दिसलेली नाही. तसे पोलीस या धंद्यापासून दूर आहेत असेही नाही. दालनांना परवाने त्यांच्या देखरेखीखाली मिळतात, आणि यंत्रांची तपासणी करणाऱ्या संस्थेत निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांची सोय लागते हे जपानमध्ये उघड गुपित आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यास देशात सुमारे १८ हजार दालने होती आणि भाड्याने दिलेल्या गोळ्यांची वार्षिक रक्कम ३० लाख कोटी येनांच्या घरात होती. यातला मोठा भाग बक्षिसांच्या रूपाने खेळणाऱ्यांकडे परत जातो हे खरे. परंतु जो उरतो तो कामगाराच्या पाकिटातून आलेला असतो.

घरगुती कॅसेटी निघाल्या त्या या साम्राज्याच्या ऐन भरभराटीत. निन्टेंडो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ हे खेळयंत्र १४,८०० येनांना विक्रीस आणले आणि ते एकट्या जपानमध्ये सुमारे १ कोटी ९० लाख घरांत गेले. ही कंपनी १८८९ साली क्योतोत निघाली ती हानाफुदा पत्ते बनवण्यासाठी, आणि त्या पत्त्यांवर डाव कोण लावीत असे हे तिला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. १९८५ सालीच तोशिबा-ईएमआयने ‘पाचिकॉम’ काढला. १९८७ च्या अखेरीस कोकोनट्स जपान या कंपनीची ‘मेझासे पाचि-प्रो : पाचिओ-कुन’ ही कॅसेट आली. नावाचा अर्थच असा की ‘लक्ष्य ठेव, पाचिंकोचा पेशेवर हो’. हिचा नायक म्हणजे पोलादी गोळीलाच हात-पाय-डोळे लावून केलेला एक गोंडस पोरगा. तो एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो, यंत्र निवडतो, नेमलेल्या गोळ्या जिंकतो आणि पुढे सरकतो. दालनाच्या दारावर १८ वर्षांखालील मुलांस कायद्याने मनाई. हा गोळीमुखी पोरगा मात्र मुलांच्या खोलीत, शाळेच्या दप्तराशेजारी राहायला आला. त्याला अडवणारा कायदा नव्हता, कारण कायद्याच्या दृष्टीने तो खेळणे होता. खेळांवर वयाची नोंद करणारी संस्था जपानमध्ये स्थापन झाली ती २००२ साली. तोवर पाचिओ-कुनच्या पुढच्या कितीतरी आवृत्त्या येऊन गेल्या होत्या.

१९९० साली ‘सुपर फॅमिकॉम’ आले आणि कॅसेटींचे सोंगही गळून पडले. आता गोंडस पोरग्याची गरज उरली नव्हती. ‘हिस्सात्सु पाचिंको कलेक्शन’, ‘होनके सांक्यो फीवर’, ‘पार्लर! मिनी’ अशा मालिकांत प्रत्यक्ष दालनांतील यंत्रे, निर्मात्याच्या नावासह, खिळ्याला खिळा लावून पडद्यावर उतरवली जाऊ लागली. सामी ही स्वतः पाचिस्लॉट यंत्रे बनवणारी कंपनी. तिने १९९३ पासून ‘जिस्सेन पाचिस्लॉट हिश्शोहो’ ही मालिका काढली. ‘जिस्सेन’ म्हणजे प्रत्यक्ष रणांगण, ‘हिश्शोहो’ म्हणजे हमखास विजयाची पद्धत. दालनाच्या यंत्राला असते तसली गोल मूठही घरच्या यंत्रासाठी वेगळी विकत मिळू लागली. जो कारखानदार दालनाला यंत्र विकतो, तोच त्या यंत्राचे चित्र मजुराला घरी विकतो, आणि जाहिरातीचा खर्च जाहिरात पाहणाऱ्याकडूनच वसूल करतो. भांडवलाच्या इतिहासातही ही चतुराई अपूर्वच म्हटली पाहिजे.

पण केवळ जाहिरात म्हटल्याने या वस्तूचे पुरते वर्णन होत नाही. या कॅसेटी जे विकीत होत्या त्याचे नाव अभ्यास.

दालनातील मजुराला यंत्राच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. पाचिस्लॉट यंत्राला १ ते ६ असे सहा दर्जे असतात. कोणते यंत्र कोणत्या दर्जावर ठेवायचे हे मालक ठरवतो आणि किल्ली त्याच्या खिशात असते. पाचिंकोत दिवे मालवल्यावर खिळ्यांचा जाणकार हातोडी घेऊन येतो आणि वाट केसभर अरुंद वा रुंद करतो. मंजुरी मिळालेल्या यंत्रात असा फेरफार करणे नियमबाह्य असले, तरी ‘खिळे वाचणे’ ही खेळणाऱ्यांची जुनी विद्या आहे, आणि तिची मासिके निघत आली आहेत. आता घरच्या कॅसेटीत काय होते? तेथे दर्जा खेळणाराच निवडतो. काही कॅसेटींत खिळेही तोच वाकवतो. किती फेऱ्या झाल्या, किती वेळा आकडे जुळले, याचा तक्ता समोर उभा राहतो. ज्या एका ठिकाणी हरण्याला किंमत नाही, नेमक्या त्याच ठिकाणी किल्ली आणि हातोडी मजुराच्या हातात दिलेली आहे! कारखान्यात यंत्रावर ज्याची सत्ता नाही, दालनात यंत्रावर ज्याची सत्ता नाही, त्याला रात्री अकरा वाजता आपल्या खोलीत यंत्राचा मालक झाल्याचा भास घेता येतो. त्याची किंमत दहा हजार येन. तेवढ्या पैशांच्या गोळ्या दालनात पंचवीस मिनिटांत संपतील, असा हिशेब करून तो ही खरेदी शहाणपणाची ठरवतो.

आणि हा अभ्यास त्याला काय शिकवतो? समजा आकडे जुळण्याची शक्यता ३२० फेऱ्यांत एक आहे. सामान्य माणसाचे मन म्हणते, ३२० फेऱ्या मारल्या की एकदा तरी जुळणारच. गणित म्हणते की ३२० फेऱ्या मारणाऱ्या शंभर माणसांपैकी छत्तीस-सदतीस माणसे रिकाम्या हाताने उठतील. यंत्राला स्मरणशक्ती नाही. तीनशे वेळा हरलेल्या माणसाला ते तीनशे एकावी फेरी अगदी नव्या गिऱ्हाइकासारखीच देते. हे एवढे जरी कॅसेटीने शिकवले असते, तरी तिचे उपकार मानावे लागले असते. तक्त्यात आकडे सगळे असतात, नसतो तो फक्त त्यांचा अर्थ. वर्षभराच्या संध्याकाळींची बेरीज, त्यात हरवलेली झोप, जाण्यायेण्याचा वेळ, घरभाड्याला पडलेली खोट, यांसाठी तक्त्यात रकाना नाही. उलट प्रत्येक पराभवाचे एकच स्पष्टीकरण हाती लागते : तुझा अभ्यास कमी पडला. यंत्र चुकीचे निवडलेस, उठायला हवे होते तेव्हा उठला नाहीस, पुढच्या वेळी नीट वाच.

हीच विचारसरणी दिवसा कारखान्यात आणि कचेरीत त्याच्या कानी पडत असते. पगार वाढला नाही, कारण कौशल्य कमी पडले. बढती हुकली, कारण चिकाटी कमी पडली. १९८०च्या दशकात जपानी कामगाराच्या निष्ठेचे गोडवे जगभरचे मालक गात होते, आणि त्याच दशकात अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ असे नावही जपानी भाषेनेच दिले होते. त्या कामगाराची जी काही फुरसत उरली, तीही तासिका, तक्ते, सराव आणि परीक्षा अशी मांडून त्याच्यापुढे ठेवण्यात आली. यात तो विश्रांती घेत नव्हता, विनावेतन उमेदवारी करीत होता. आणि ज्या ‘पेशेवर’ होण्याची त्याला आस लावली, तो पेशा तरी कोणता? इतर हजार जणांनी हरावे म्हणजे आपण एकट्याने जिंकावे, हाच. संघटना बांधून मालकाकडून हक्क घेण्याऐवजी शेजारच्या आसनावरील सोबत्याच्या खिशातून निसटती नोट पकडण्याचे हे शिक्षण होते.

येथे कोणी विचारील की, मग पैसे न लावता नुसता खेळणारा एखादाही नसेल काय? असेल. पण तोच फॅमिकॉमचा खोका १९८८ साली टेलिफोनच्या तारेला जोडला गेला आणि नोमुरा या शेअरदलाल कंपनीचे व्यवहार त्यावरून घरबसल्या होऊ लागले, पुढे घोड्यांच्या शर्यतीवर पैजाही लागू लागल्या, ही गोष्ट निर्मळ करमणुकीच्या वकिलांनी विसरू नये. खेळणे आणि पेढी यांच्यातील भिंत एका तारेएवढीच जाड होती.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळले पाहिजे, कारण त्यांची पंगतही कमी धोक्याची नाही. पाचिंको म्हटले की जपानमधील सभ्य वृत्तपत्रांना दोनच गोष्टी सुचतात. एक, कष्टकऱ्यांचा चारित्र्यहीनपणा, आणि दुसरी, कोरियन मालक. उन्हाळ्यात दालनाबाहेर उभ्या मोटारीत ठेवलेली तान्ही मुले गुदमरून मेल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि त्या वाचताना कोणाचेही काळीज हलेल. पण पाळणाघर नाही, नवरा रात्री दहाला घरी येतो, वस्तीत चार माणसे बसतील अशी दुसरी जागा नाही, आणि एकच प्रकाशमान, गारवा असलेले दार उघडे आहे, या व्यवस्थेवर अग्रलेख निघत नाहीत. ते आईवर निघतात. कोरियन मालकांविषयी तर इतिहासच उलटा उभा केला जातो. जपानने कोरियातून माणसे आणली, युद्धात राबवली, १९५२ साली सॅन फ्रान्सिस्को तह अमलात येताच त्यांचे जपानी नागरिकत्व काढून घेतले, मोठ्या कंपन्यांची आणि सरकारी नोकरीची दारे त्यांना बंद केली. मग जो धंदा प्रतिष्ठितांना नको होता तो त्यांच्यातील काहींनी उचलला. त्यात गैर काय झाले? दालनमालक कोरियन असो की जपानी, तो मालकच. त्याचा हिशेब वर्गाच्या वहीत मांडायचा असतो, वंशाच्या नव्हे.

या बाबतीत जपानच्या समाजवादी पक्षाची जी फसगत झाली ती सर्वच समाजवाद्यांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. जुलै १९८९ मध्ये ताकाको दोई यांच्या नेतृत्वाखाली या पक्षाने वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत सत्तारूढ लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत हिरावले. तीन टक्के उपभोगकराने चिडलेल्या गृहिणी त्यांच्या मागे उभ्या होत्या. पुरते तीन महिनेही लोटले नाहीत तोच पाचिंको मालकांच्या संघटनेकडून पक्षाच्या खासदारांनी देणग्या घेतल्याचे प्रकरण उठले. पोलिसांच्या पाठिंब्याने दालनांत आगाऊ पैशांची कार्डे आणण्याचा घाट तेव्हा घातला जात होता. मालकांचा त्याला विरोध होता, आणि त्या विरोधाची वकिली संसदेत करण्यासाठीच ही देणगी, असा सत्ताधाऱ्यांचा आरोप होता. पुढे उघड झाले की खुद्द सत्ताधारी पक्षाच्या खासदारांनी घेतलेल्या रकमा कितीतरी मोठ्या होत्या. दरम्यान उत्तर कोरियाचे नाव गोवून जी राळ उडवण्यात आली, तिची झळ कोरियन शाळांतील मुलींना रस्त्यावर आणि आगगाडीत सोसावी लागली.

सत्ताधाऱ्यांचा कांगावा ढोंगीपणाचा होता यात शंका नाही. तरीही रक्कम लहान होती हा समाजवादी पक्षाचा बचाव होऊ शकत नाही. ज्या घरातील गृहिणीने उपभोगकराच्या तीन टक्क्यांविरुद्ध मत दिले, त्याच घरातून दर महिन्याला किती टक्के त्या दालनांत जात होते? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार पक्षाने काही लाख येनांत गहाण टाकला. कार्डे शेवटी आलीच, आणि त्यांच्या मागे मित्सुबिशी आणि सुमितोमो या बड्या व्यापारी घराण्यांच्या कंपन्या उभ्या होत्या. बनावट कार्डांनी त्यांनाच कोट्यवधी येनांना बुडवले हा काव्यगत न्याय झाला, पण त्यात हरणाऱ्याला काही मिळाले नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात पुरे. दालने ओसरली. आज ती ७ हजारांहूनही कमी उरली आहेत. पण हरण्याची शाळा काही बंद पडली नाही, तिने जागा बदलली. २००४ साली पाचिस्लॉटवाल्या सामीने सेगा या नामांकित व्हिडिओ खेळ कंपनीला आपल्या पदराखाली घेतले. ज्यांच्या कॅसेटींवर मुलांच्या दोन पिढ्या वाढल्या, त्या कोनामीसारख्या कंपन्यांच्या गाजलेल्या कथा पाचिस्लॉटच्या फळीवर चढल्या. नंतर मोबाइल फोनवर ‘गाचा’ आला. चित्रांची पुडी आंधळेपणाने विकत घ्यायची आणि संच पुरा होईस्तोवर घेतच राहायची. संच पुरा करायला लावणारा प्रकार जपान सरकारने २०१२ साली बंद पाडला, बाकीचा चालूच आहे. आरोग्य मंत्रालयाच्या २०१७ मधील पाहणीनुसार आयुष्यात केव्हातरी जुगाराच्या व्यसनात सापडलेल्या प्रौढांची संख्या सुमारे ३२ लाख भरते.

मुंबईच्या गिरणगावात न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर आकडा लागत असे, तेव्हा निदान त्याला कोणी अभ्यास म्हणत नव्हते. रमीच्या ऑनलाइन कंपन्यांनी ती उणीव भरून काढली. नवख्याला मोफत सरावाचे टेबल, आणि न्यायालयात ‘हा कौशल्याचा खेळ’ हा पुकारा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा याच कौशल्याच्या नावाने कंपन्यांनी गळा काढला. पाचिओ-कुनला मराठी येत असते तर त्याने वेगळे काय म्हटले असते?

तेव्हा त्या कोपऱ्यातील पेटीचे काय करायचे? ती जाळावी असे सांगणारे सोवळे लोक आणि ती देव्हाऱ्यात ठेवणारे शौकीन, दोघेही तिच्यातील साक्ष नष्ट करीत आहेत. या कॅसेटी सार्वजनिक ग्रंथालयांत जतन झाल्या पाहिजेत, पण त्या काळच्या दालनांच्या ताळेबंदांसह, यंत्रनिर्मात्यांच्या जाहिरातींसह आणि कर्जबुडीच्या खटल्यांसह. मोफत वा स्वस्त सरावाच्या नावाने जे जे विकले जाते त्याला जुगाराच्या जाहिरातीचे नियम लागू झाले पाहिजेत, मग ते कॅसेटीत असो वा फोनमध्ये. आणि दालनाने प्रत्येक यंत्राचा दर्जा व त्यावर त्या दिवशी गेलेली रक्कम यंत्राच्याच माथ्यावर लिहिली पाहिजे. ओसाकाच्या युमेशिमा बेटावर २०३० च्या सुमारास उघडणार असलेल्या कॅसिनोत जपानी रहिवाशाला दर खेपेस ६ हजार येन प्रवेशशुल्क द्यावे लागेल, आणि आठवड्यात ३ वेळा व २८ दिवसांत १० वेळांहून अधिक जाता येणार नाही, असे २०१८ चा कायदा सांगतो. रेल्वे स्थानकासमोरच्या पाचिंको दालनाला यातले एकही बंधन नाही, कारण सरकारी कागदांत तेथे अजून जुगार सुरू व्हायचा आहे.